४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येवरच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

प्रकल्पाचा विषय ठरला. संख्या एकच: ४,२९,४९,६७,२९७. वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. लिहायची सोपी रीत म्हणजे २^३२ + १.

शाळेच्या गणित मंडळासाठी एक पुस्तिका करायची आहे. ही संख्या मूळ नाही, तिचे अवयव ६४१ आणि ६७,००,४१७ आहेत, हे कुठलाही संगणक क्षणात सांगतो. पण दहावीच्या मुलानं कागद-पेन्सिल घेऊन बसायचं ठरवलं, तर त्याला हे स्वतः शोधता आणि सिद्ध करता येईल का? माझं म्हणणं, येईल. त्यासाठी हजारो भागाकार करत बसायचीही गरज नाही. आधी विचार करून शोधाची जागा आकुंचित करायची आणि मग मोजके भागाकार करायचे. हे मला पुस्तिकेत पानापानावर दाखवायचं आहे.

नियम: प्रत्येक आकडेमोड हातानं, पडताळा भाचीकडून. ती यंदा दहावीत जाते आहे आणि पाढ्यांत माझ्याहून पक्की आहे. जिथे हातानं करणं निव्वळ घाम गाळणं ठरेल तिथे संगणक वापरायचा, पण तसं नोंदीत लिहायचं.

६ मे

पार्श्वभूमीचं पान लिहिलं. पिएर द फर्मानं १६४० मध्ये फ्रेनिकलला लिहिलेल्या पत्रात एक अंदाज मांडला. २ चा घात घ्यायचा, घातांकही २ चाच घात हवा, आणि त्यात १ मिळवायचा. अशी प्रत्येक संख्या मूळ असेल. सुरुवातीच्या पाच अशा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही खरोखरच मूळ आहेत. क्रमांक ० पासून मोजतात, त्यामुळे आपली ४,२९,४९,६७,२९७ ही पाचव्या क्रमांकाची फर्मा संख्या. सिद्धता आपल्याकडे नाही हे फर्मा स्वतः सांगत होता, पण अंदाजावर त्याचा विश्वास मोठा होता.

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाखनं हा प्रश्न तरुण ऑयलरच्या कानावर घातला. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑयलरनं दाखवून दिलं की पाचव्या संख्येला ६४१ नं पूर्ण भाग जातो. म्हणजे अंदाज पहिल्याच न तपासलेल्या पायरीवर कोसळला होता, आणि मधे जवळपास शंभर वर्षं गेली होती.

पडताळा: ६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२००. ६७,००,४१७ × ४१ = २७,४७,१७,०९७. बेरीज ४,२९,४९,६७,२९७. भाचीनं ९ ची आणि ११ ची कसोटी लावून पाहिली. ९ नं भागता बाक्या २ आणि ७, गुणाकार १४, म्हणजे ५. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ५९, तिचीही बाकी ५. अकराच्या कसोटीतही दोन्हीकडे ५ च आले.

९ मे

भाचीचा प्रश्न: “आत्या, पण ६४१ च का घेऊन बघायचं? त्याला कसं कळलं?”

अख्ख्या पुस्तिकेतला हाच मुख्य प्रश्न आहे.

आंधळेपणानं करायचं तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. वर्गमूळ साधारण ६५,५३६, आणि त्याखाली ६,५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ ही मूळ संख्यांच्या रांगेत ११६ वी, त्यामुळे या वाटेनंही ती फार उशिरा सापडत नाही. चिकाटीच्या माणसाचं एका दिवसाचं काम. फर्मानं हे का केलं नसावं याचं मला राहून राहून नवल वाटतं. पण ऑयलरच्या वाटेत एवढीही मेहनत नाही.

समजा, प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग २^३२ ला प नं भागल्यावर बाकी उणे १ येणार (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात घेत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा कधी येईल? तो घातांक ६४ चा विभाजक असायला हवा, पण ३२ चा असून चालणार नाही, कारण ३२ वर बाकी उणे १ आहे. उरला ६४ च. आणि फर्माचंच प्रमेय सांगतं की घातांक प − १ असताना बाकी १ येतेच. म्हणून ६४ नं प − १ ला पूर्ण भाग जातो.

म्हणजे विभाजक फक्त ६४क + १ याच साच्यात सापडेल. यादी करू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला संख्या फुटते.

भाची बराच वेळ यादीकडे बघत बसली, मग म्हणाली, “म्हणजे बाकीच्यांना भाग देऊन बघायचंच नाही?” नाहीच. ज्या वाटेनं ती येऊच शकत नाही तिकडे पाहायचं कशाला?

१० मे

कालच्या यादीला आणखी कात्री. १८७८ मध्ये लुकानं दाखवलं की साचा ६४क + १ नसून १२८क + १ आहे. कारण छोटंसं आहे. प जर ८म + १ अशी असेल, तर प च्या बाक्यांच्या जगात २ हा कुणाचा तरी वर्ग असतो. तो ‘कुणी’ घेतला की त्याच्या घातांचं चक्र ६४ च्या दुप्पट, १२८ लांबीचं होतं.

मग यादी अशी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१.

त्यातली २५७ ही स्वतःच तिसऱ्या क्रमांकाची फर्मा संख्या आहे, आणि कोणत्याही दोन फर्मा संख्या परस्परांशी सहमूळ असतात. हे गोल्डबाखनं दाखवलं. सिद्धता ओळीभराची: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे आपल्या संख्येहून बरोबर २ नं कमी. २५७ दोन्हींना भागत असेल तर फरकाला, म्हणजे २ ला भागेल. ते अशक्य.

राहिली एकटी ६४१. पहिलाच भागाकार, आणि बाकी शून्य! ६,५४२ उमेदवारांपासून एकावर. हे पान मोठ्या अक्षरांत छापायचं.

१३ मे

भागाकारही नको असेल तर? ६४१ चे दोन चेहरे आहेत:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्यावरून, ५ × २^७ ची बाकी उणे १. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून, ५^४ च्या जागी उणे २^४ लिहिता येतं. झालं: उणे २^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ नं पूर्ण भाग जातो. दहा अंकी संख्या एकदाही कागदावर न मांडता.

ही सिद्धता देखणी आहे. तरी पुस्तिकेत ती ६४१ सापडल्यानंतरच द्यायची, आधी नाही. आधी दिली तर मुलांना वाटेल गणित म्हणजे कुणाला तरी आकाशातून सुचलेली चमत्कृती. शोधाची वाट ९ आणि १० मेच्या नोंदींत आहे. ही सिद्धता त्यानंतरची सजावट, आणि त्या जागी ती मला फार प्रिय आहे.

१७ मे

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २,५८८ आणि थोडं. तोही आपल्याच संख्येचा विभाजक, तेव्हा त्याच्या पोटातली कोणतीही मूळ संख्या पुन्हा १२८क + १ याच साच्यातली. २,५८८ पर्यंत अशा वीस संख्या येतात. त्यांत मूळ आहेत २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद. चार भागाकार, चौघांच्या बाक्या भाचीनं काढल्या:

६४१ नं भागल्यास बाकी ४४
७६९ नं भागल्यास १२०
१,१५३ नं भागल्यास ३३४
१,४०९ नं भागल्यास ६२२

एकही शून्य नाही. म्हणून ६७,००,४१७ मूळ. सदुसष्ट लाखांची संख्या मूळ आहे हे चार भागाकारांत पक्कं झालं. साच्याचं ज्ञान नसतं तर याच कामाला शेकडो भागाकार लागले असते.

१८ मे

१/६४१ दशांशात मांडून पाहिलं. पुस्तिकेच्या मुख्य धाग्यात हे बसत नाही, पण सोडवत नाही म्हणून समासात घालणार.

६४१ × १५६ = ९९,९९६, म्हणजे एक लाखाला फक्त ४ कमी. त्यामुळे दशांश चिन्हानंतर पाच-पाच अंकांचे गट केले की प्रत्येक गट आधीच्याच्या चौपट: ००१५६, ००६२४, ०२४९६, ०९९८४. पुढचा ३९९३६ यायचा, पण त्याच्या मागून येणारी संख्या सहा अंकी होते आणि हातचा एक पुढे सरकतो, म्हणून ३९९३७. आवर्तन ३२ अंकांचं आहे:

००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९

दोन अर्ध्यांची बेरीज करा. सोळा नऊ येतात. याचा अर्थ १०^१६ + १ लाही ६४१ नं भाग जातो. २ चा ३२ वा घात आणि १० चा १६ वा घात, दोघांची बाकी ६४१ पाशी उणे १.

२४ मे

मूळ असल्याची कसोटी आणि तिनं दिलेला चकवा, यावर आज काम केलं.

फर्माचं प्रमेय: न मूळ असेल तर २^(न−१) ला न नं भागून बाकी १ येते. उलट बाजूनं पाहायचं तर बाकी १ आली नाही की संख्या संयुक्त. आपल्या संख्येला २ चा पाया लावून पाहू. २^३२ ची बाकी उणे १, २^६४ ची बाकी १, आणि न − १ म्हणजे २^३२, ज्याला ६४ नं भाग जातोच. बाकी १. कसोटी उत्तीर्ण! संख्या संयुक्त असूनही २ च्या पायाला ती मूळ असल्यासारखीच वागते. प्रत्येक फर्मा संख्या अशीच उत्तीर्ण होते, त्यामुळे २ चा पाया या कुटुंबाबद्दल काहीही नवीन सांगू शकत नाही. फर्माचा विश्वास कदाचित इथूनच बळावला असेल.

३ चा पाया घेतला की चित्र पालटतं. ३^२ = ९, मग ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१. इथवर भागाकाराची गरज नाही. पुढचा वर्ग म्हणजे ३^३२, त्याची बाकी ३,७९,३२,०१,४५८. ही हातानं काढली, भाचीनं तपासली. इथून पुढे दर पायरीला दहा अंकी संख्येचा वर्ग आणि दहा अंकी भाजक. हे काम संगणकाला दिलं. शेवटच्या दोन पायऱ्या:

३^(२^३१) ची बाकी १,०३,२४,३०३
३^(२^३२) ची बाकी ३,०२,९०,२६,१६०

संख्या मूळ असती तर शेवटची बाकी १ हवी होती आणि तिच्या आधीची उणे १. ही दुसरी अट म्हणजेच १८७७ ची पेपिनची कसोटी. फर्मा संख्यांसाठी ती दोन्ही बाजूंनी पक्की आहे: अट पाळली तर मूळ, नाही तर संयुक्त.

संगणकाचं उत्तर डोळे मिटून घ्यायचं नव्हतं, म्हणून ६४१ चा पडताळा लावला. ३ चे वर्ग ६४१ च्या बाक्यांत करत गेलं की आकडे लहान राहतात: ८१, १५१, ३६६, ६२८, १६९, ३५७. म्हणजे ३^१२८ ची बाकी ३५७. ३५७ चा पाचवा घात १ होतो आणि २^२४ ला ५ नं भागून १ उरतो, म्हणून ३^(२^३१) चीही बाकी ३५७ च यायला हवी. १,०३,२४,३०३ ला ६४१ नं भागलं, बाकी ३५७. पुढच्या पायरीला ३५७ चा वर्ग, बाकी ५३१. ३,०२,९०,२६,१६० ला भागलं, ५३१. भाचीनं दोन्ही भागाकार स्वतंत्रपणे करून तेच आकडे आणले.

या कसोटीबद्दल एक गोष्ट मुलांना ठासून सांगायची. ती संख्या फुटते एवढं सांगते, कुठे फुटते ते सांगत नाही. विसाव्या क्रमांकाची फर्मा संख्या संयुक्त आहे हे माहीत आहे, पण तिचा एकही विभाजक आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही.

३१ मे

आजची नोंद लांबणार. माझ्या मते प्रकल्पाचा गाभा इथे आहे.

आपली संख्या म्हणजे ६५,५३६² + १². दोन वर्गांची बेरीज. आता फर्माचं दुसरं एक प्रमेय: ४ नं भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेनं लिहिता येते, आणि एकाच प्रकारे. ऑयलरनं पुढे ते सिद्ध केलं. संख्या दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिता आली, तर ती मूळ नाहीच.

६४१ = २५² + ४². ६७,००,४१७ चे दोन वर्ग कोणते? २,५८८ पर्यंतचे वर्ग वजा करत बसायचं का? नको. पुन्हा थोडा विचार.

६५,५३६ ला स म्हणू. ६४१ नं स² + १ ला भाग जातो. (२५स − ४)(२५स + ४) हा गुणाकार मांडला तर ६२५स² − १६ येतो, आणि हे म्हणजे ६२५(स² + १) − ६४१. दोन्ही पदांना ६४१ नं भाग जातो. म्हणून २५स − ४ आणि २५स + ४ यांपैकी एकाला तरी ६४१ नं भागलंच पाहिजे. २५ × ६५,५३६ = १६,३८,४००. भागून बाकी ४ उरते. तेव्हा ४ वजा करून भागाकार २,५५६. तसंच ४ × ६५,५३६ = २,६२,१४४, यात २५ मिळवले की २,६२,१६९, आणि भागाकार ४०९.

२,५५६² = ६५,३३,१३६. ४०९² = १,६७,२८१. बेरीज ६७,००,४१७. दोन भागाकारांत दोन्ही वर्ग हाती.

इथे ब्रह्मगुप्त येतो. ६२८ मध्ये भिल्लमाळच्या या गणितीनं ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त वर्गप्रकृतीसाठी (एका वर्गाला ठरावीक संख्येनं गुणून, त्यात ठरावीक संख्या मिळवून पुन्हा वर्ग यावा, अशा समीकरणासाठी) भावनेचा नियम दिला. दोन उत्तरं एकमेकांत गुंफून तिसरं तयार करायचं, तेही बेरजेनं आणि वजाबाकीनं अशा दोन तऱ्हांनी: समासभावना आणि अंतरभावना. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात तिरप्या गुणाकारांना वज्राभ्यास म्हटलं आहे. ब्रह्मगुप्ताचा नियम बराच व्यापक आहे, आणि दोन वर्गांच्या बेरजेपुरता तो डायोफँटसच्या कामातही दिसतो. आपल्याला लागणारी नित्यसमानता अशी:

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)²
= (अक − बड)² + (अड + बक)²

अ = २५, ब = ४, क = २,५५६, ड = ४०९ घातले.

अक = ६३,९००, बड = १,६३६. बेरीज ६५,५३६, फरक ६२,२६४.
अड = १०,२२५, बक = १०,२२४. फरक १, बेरीज २०,४४९.

१०,२२५ − १०,२२४ = १. या एका ओळीसाठी हा सगळा खटाटोप केला असता तरी चाललं असतं. आपल्या संख्येच्या शेवटी जो ‘+ १’ आहे, तो या दोन तिरप्या गुणाकारांच्या फरकाचा वर्ग आहे. आणि ६३,९०० + १,६३६ मधून २ चा सोळावा घात जसाच्या तसा बाहेर येतो. अवयवांच्या आत हे आधीपासून मांडून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या तऱ्हेनं: ४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४² + २०,४४९². भाचीनं दोन्ही वर्ग लांबलचक गुणाकारानं काढले, ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१. बेरीज बरोबर. २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे हेही तिनंच पाहिलं. म्हणजे दुसरं पद १४३ चा चौथा घात!

१ जून

काल अवयवांवरून दोन मांडण्या काढल्या. आज उलटी वाट: दोन मांडण्या माहीत आहेत, अवयव काढा. ही ऑयलरची पद्धत.

६५,५३६² + १² = ६२,२६४² + २०,४४९². बाजू बदलून वर्गांच्या फरकाचं सूत्र लावलं:

३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०

३,२७२ आणि २०,४४८ चा मसावि हवा. शाळेतलीच भागाकाराची रीत: २०,४४८ मधून ३,२७२ सहा वेळा, उरले ८१६. ३,२७२ मधून ८१६ चार वेळा, उरले ८. ८१६ ला ८ नं पूर्ण भाग. मसावि ८. भागून ४०९ आणि २,५५६ मिळाले. मग १,२७,८०० ÷ २,५५६ = ५० आणि २०,४५० ÷ ४०९ = ५०. हे ८ आणि ५० निम्मे केले की ४ आणि २५. ४² + २५² = ६४१. ४०९² + २,५५६² = ६७,००,४१७.

पद्धत चोख आहे, पण दुसरी मांडणी आधी हाती नसेल तर ती शोधायला ६४१ नं भागून पाहण्याहून कितीतरी जास्त वेळ जाईल. पुस्तिकेत हे मोकळेपणानं लिहायचं. संख्या फोडायला साच्याची वाट सरस. ती आतून कशी विणली आहे ते कळायला भावना.

७ जून

बहुभुजांचं पान. गाउसनं १७९६ मध्ये दाखवलं की पट्टी आणि कंपास घेऊन नियमित सतरा बाजूंची आकृती काढता येते. नियम त्याच्या १८०१ च्या ग्रंथात आहे, आणि उलट बाजू १८३७ मध्ये वाँत्झेलनं पुरी केली: बाजूंची संख्या म्हणजे २ चा घात, किंवा त्याला वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांनी गुणून आलेली संख्या असेल तरच आकृती निघते.

आता तीन शेजारी पाहा. ४,२९,४९,६७,२९५ हा पाचही मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार, म्हणून तितक्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते. विषम बाजूंच्या काढता येण्याजोग्या ज्ञात आकृत्यांत ही सर्वांत मोठी. ४,२९,४९,६७,२९६ म्हणजे २^३२, तीही येते. आणि आपली ४,२९,४९,६७,२९७ येत नाही, कारण तिचे अवयव मूळ असले तरी फर्मा संख्या नाहीत. हिशेबानं पाहायचं तर ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० हा २ चा घात असायला हवा होता. त्यात ३, ५ आणि १७,४४९ शिरले आहेत.

हर्मेस नावाच्या गणितीनं ६५,५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षांहून जास्त काम केलं, आणि ते हस्तलिखित ग्योटिंगेनला जपून ठेवलं आहे. मुलांना हे सांगितलंच पाहिजे.

संगणकवाल्यांसाठी तळटीप: ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५, आणि आयपीच्या चौथ्या आवृत्तीतले एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६.

११ जून

पुस्तिकेची पानं लावली. भाचीची शाळा आता सुरू होईल, त्यामुळे तिच्या वाटणीचे पडताळे संपवून घेतले.

१४ जून

एक मोह आवरला नाही. ३१ मेची रीत पुढच्या, सहाव्या क्रमांकाच्या फर्मा संख्येला लावून पाहिली: २^६४ + १ = १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. लाँद्रीनं वयाची ऐंशी उलटल्यावर, १८८० मध्ये, हिचे अवयव जाहीर केले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१.

पहिला अवयव साच्यात बसतो का? सहाव्या क्रमांकाला साचा १२८ ऐवजी २५६ चा. १,०७१ × २५६ + १ = २,७४,१७७. बसतो. दोन वर्ग: ५१६² + ८९² = २,६६,२५६ + ७,९२१ = २,७४,१७७.

आता स = २^३२ = ४,२९,४९,६७,२९६. ५१६स = २२,१६,२०,३१,२४,७३६. २,७४,१७७ नं भागलं. भागाकार ८०,८३,१११ आणि बाकी ८९. अगदी अपेक्षेप्रमाणे! ८९स = ३,८२,२५,२०,८९,३४४, त्यात ५१६ मिळवून भागलं: १३,९४,१८०, बाकी काही नाही. म्हणजे मोठा अवयव ८०,८३,१११² + १३,९४,१८०² असायला हवा.

भावना लावली.

५१६ × ८०,८३,१११ = ४,१७,०८,८५,२७६
८९ × १३,९४,१८० = १२,४०,८२,०२०
बेरीज ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे २^३२.

५१६ × १३,९४,१८० = ७१,९३,९६,८८०
८९ × ८०,८३,१११ = ७१,९३,९६,८७९
फरक १.

एकाहत्तर कोटींचे दोन गुणाकार, आणि त्यांच्यात फक्त एकाचं अंतर. असंच येणार हे कळत असूनही शेवटचा अंक लिहिताना छाती धडधडत होती.

दुसरी मांडणी: ४,०४,६८,०३,२५६² + १,४३,८७,९३,७५९². संध्याकाळी भाचीला फोनवर आकडे वाचून दाखवले. तिनं ९ ची कसोटी लावली. दोन्ही वर्गांची बाकी ४, बेरीज ८. वीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८९, तिची बाकीही ८.